खालचं सप्तक

"यावर पाय दे," रमेशदादा म्हणाला.

माझ्या गिटारची वायर जिथून अँप्लिफायरकडे जायची, तिथे मध्येच त्याने एक तपकिरी लोखंडी डबी जोडली होती. साबणाच्या डबीहून थोडी मोठी. वर तीन गोल बटणं, पुढे पायाने दाबायची पट्टी. मी पट्टी दाबली आणि सवयीने एक तार छेडली.

कोपऱ्यातल्या पत्र्याच्या कपाटाचं दार थरथरलं.

माझा सूर आला, आणि त्याच्या खालून तोच सूर पुन्हा आला, एक सप्तक खाली, जाडजूड. रमेशदादाने वाकून एक बटण उलटं फिरवलं. माझा मूळ सूर नाहीसा झाला, नुसता खालचाच राहिला. डोळे मिटून ऐकलं असतं तर कुणीही सांगितलं असतं, हा बास गिटार आहे.

"ऑक्टेव्ह पेडल म्हणतात याला. मुंबईहून आलंय. शनिवारी मामांचा बास तू यातून वाजवायचा."

"आणि मामा?"

तो उठून दार लावून आला.

"मामा पण वाजवतील. पण इरफान मिक्सरवर त्यांचा आवाज बंद ठेवील. तू त्यांचंच वाजवशील, तेच सूर, त्याच वेळी. त्यांना कळायचंसुद्धा नाही."

"दादा, हे बरं दिसत नाही."

"मग काय करू, सांग. तू ऐकतेस ना त्यांचा हात? शनिवारी एक सूर कच्चा पडला की अख्खा ऑर्केस्ट्रा गेला. एवढा एक दिवस. आणि त्यांना बोलू नकोस, जिवाला लावून घेतील."

मी पुन्हा पट्टी दाबली. पुन्हा कपाट थरथरलं. तो आवाज मला आवडला होता, हे आधी कबूल केलं पाहिजे.

ही गोष्ट १९९६ ची, नगरची. मिक्सरवाला इरफान सोडून आमचा आठ जणांचा ऑर्केस्ट्रा होता. रमेश चिलवर त्याचा मालक. कीबोर्ड तोच वाजवायचा, आणि सराव त्याच्याच घरामागच्या खोलीत व्हायचा, जिथे पूर्वी त्याच्या वडिलांचे हातमाग होते. मुंबईचे कोरगावकर म्हणून एक गृहस्थ दर हिवाळ्यात एखादा ऑर्केस्ट्रा दुबईला न्यायचे. त्या वर्षी ते आम्हाला ऐकायला येणार होते. विमानात जागा सातच, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. आठातला कोण गळणार ते ऐकून ठरवू म्हणाले. मी तेवीस वर्षांची होते आणि पुण्याच्या पलीकडे काही पाहिलं नव्हतं. दुबईचं नाव निघाल्यापासून एका जागी बसवत नव्हतं मला.

मामा म्हणजे शांतवन भिंगारदिवे. नात्याने माझे कुणी नव्हते, आमच्या चर्चमधली सगळी मुलं त्यांना मामाच म्हणायची. छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचं काम, आणि उरलेला सगळा वेळ बास गिटार. मी बारा वर्षांची असताना संडे स्कूल सुटल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्या हातात गिटार दिली. पोरीच्या जातीला हे काय शोभतं, म्हणून माझ्या आजीने तोंड सोडलं, तेव्हा ते घरी आले, आजीसमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आजी, तुम्ही हिला ओव्या शिकवा, मी तारा शिकवतो. बघू कोणतं लवकर येतं." आजी हसली आणि विषय मिटला. माझ्या बोटांना आलेले पहिले फोड त्यांनीच फुंकर घालून पाहिले होते.

वर्षभर त्यांच्या डाव्या हाताची बोटं बधिर होत चालली होती. साखरेचा आजार. बोट तारेवर टेकलं की नाही, हे त्यांना खाली बघूनच कळायचं. बघेपर्यंत ताल पुढे निघून जायचा, नाहीतर बोट शेजारच्या तारेवर पडायचं आणि भलताच सूर निघायचा. असं झालं की ते चटकन माझ्याकडे बघायचे. मी काही ऐकलंच नाही असा चेहरा करून हसायचे. सगळेच तसं करायचे. आम्ही त्याला माया समजत होतो.

तो आठवडा मला अजून दिवसागणिक आठवतो. पेडल वाटलं होतं तेवढं सोपं नव्हतं. एका वेळी एक तार वाजवली तर ते मुकाट्याने खालचा सूर काढायचं. पण दोन तारांना एकदम नखी लागली, तर त्याला कोणता सूर धरावा तेच कळायचं नाही, आणि पोट बिघडल्यासारखं ते गुरगुरायचं. शिवाय जिथे गाण्यात गिटारचा तुकडा असेल तिथे पायाने ते बंद करायचं, तुकडा संपला की पुन्हा चालू. मी दिवसभर हेच करत होते. जेवताना टेबलाखाली पाय हलायचा. आई म्हणायची, "करुणा, पाय शांत ठेव, पाणी सांडेल."

मंगळवारी संध्याकाळी मी सायकल काढली आणि मामांच्या घराकडे निघाले. ते मिशनच्या जुन्या कंपाऊंडमध्ये राहायचे. वाटेत ठरवलं होतं, सरळ सांगायचं, मामा, असं असं आहे. फाटकापाशी सायकलवरून उतरले. त्यांचं घर तिथून दिसायचं. मग मनात आलं, सांगितलं तर ते नाही म्हणतील. त्यांनी नाही म्हटलं तर मलाही नाही म्हणावं लागेल. मी सायकल वळवली.

गुरुवारी बाजारात एस्तरमामी भेटली, मामांची बायको. मेथीची जुडी निवडत होती.

"सलाम मामी."

"सलाम. काय गं, फिरकली नाहीस?"

"सराव चाललाय मामी. शनिवारी ते मुंबईवाले येणार."

तिने जुडी पिशवीत टाकली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"ये. हे घरीच असतात संध्याकाळचे."

"येते," मी म्हटलं, आणि गेले नाही.

शनिवारी दुपारी तीन वाजता सावेडीतल्या एका मंगल कार्यालयात आम्ही वाद्यं लावली. लग्नसराई नव्हती, हॉल रिकामा होता. कोरगावकर सगळ्यात मागे, इरफानच्या मिक्सरशेजारी खुर्ची टाकून बसले. पांढरे बूट, हातात वही. तिथून त्यांना आमचे चेहरे दिसत होते, पाय दिसत नव्हते. माझं पेडल मी स्पीकरच्या पेटीआड सरकवून ठेवलं होतं आणि पट्टी नीट जाणवावी म्हणून चपला काढल्या होत्या.

मामा आले ते इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. माझ्या डावीकडे, नेहमीच्या जागी बसले. बास मांडीवर घेतला आणि माझ्या पायांकडे पाहिलं.

"फरशी गार आहे गं," एवढंच म्हणाले.

पहिली दोन गाणी बरी गेली. म्हणजे बाकीच्यांची. मला घाम सुटला होता. मामा माझ्यापासून दोन हातांवर बसून तारा दाबत होते, छेडत होते, मान हलवत होते, आणि त्यांच्या तारांमधून काहीही येत नव्हतं. सगळा हॉल ज्या बासने भरला होता तो माझ्या पायाखालून निघत होता. तरी त्यांच्याकडे बघून वाटावं की तेच वाजवताहेत. त्यांनाही तसंच वाटत असेल अशी मी आशा करत होते.

तिसऱ्या गाण्यात त्यांचं बोट चुकलं. मी डोळ्यांनी पाहिलं. करंगळी शेजारच्या तारेवर पडली, आणि त्यांनी ती तार छेडली. आणि स्पीकरमधून सूर आला तो अगदी बरोबर.

मामांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मी वाट बघत होते की आता ते माझ्याकडे बघतील. त्यांनी बघितलं नाही. समोर, रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत ते वाजवत राहिले. माझी नखी घसरली, दोन तारांना लागली, पेडल गुरगुरलं. क्षणभरच. मी सावरलं. पण पुढची तीन गाणी मी कशी वाजवली ते मला आठवत नाही.

संपल्यावर कोरगावकर टाळ्या वाजवत पुढे आले.

"छान! चिलवर, तुमचा पाया पक्का आहे. बासवाले काका कोण, हे? वा काका. या वयात इतका साफ हात मी मुंबईत ऐकला नाही. एक सूर इकडचा तिकडे नाही."

इरफान वायर गुंडाळायला लागला.

"आता सात जणांचं बघू," कोरगावकर वही उघडून म्हणाले. "गाणारे दोघं पाहिजेत. निवेदक पाहिजे. ताल धरणारे दोघं. चिलवर तुम्ही, आणि काका. झाले सात. या ताई..." त्यांनी माझ्याकडे पेनने दाखवलं, "वाईट वाटून घेऊ नका, पण तुमची गिटार मधूनच वाजते, मधूनच गायब. तेवढं कीबोर्डवर निघून जाईल. काय चिलवर?"

रमेशदादाने मामांकडे पाहिलं.

त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते मी पुढे खूप जणांना वेगवेगळं सांगितलं. खरं असं आहे की मामांचा विचार माझ्या मनात नव्हता. मला फक्त विमान दिसत होतं, माझ्याशिवाय उडणारं. मी उठून उभी राहिले.

"साहेब," मी म्हटलं, "तो बास—"

"—माझा नव्हता," मामा म्हणाले.

ते उठले होते. बास गळ्यात तसाच होता. त्यांनी वाकून माझ्या पुढची स्पीकरची पेटी एका हाताने बाजूला सारली.

"पाय बघा तिचा. त्या डबीतून ती वाजवत होती. सगळी सहा गाणी. माझी वायर बंद होती. माझा हात गेलाय साहेब, वर्ष झालं. आता सात मोजा."

कोरगावकरांनी खाली पाहिलं, मग माझ्याकडे, मग हसायलाच लागले. "म्हणजे एका माणसात दोन? अहो, मग आधी सांगायचं ना!" त्यांनी वहीत एक नाव खोडलं आणि एक लिहिलं.

मामांनी बास पिशवीत भरला. चेन लावताना ती दोनदा निसटली, कुणी मदतीला पुढे झालं नाही. माझ्याजवळून जाताना ते थांबले.

"तिसऱ्या गाण्यात दोन तारा एकदम लागल्या तुझ्या," ते म्हणाले, आणि गेले.

मी पेडल पिशवीत टाकलं आणि सायकलने त्यांच्यामागे सुटले. ते रिक्षाने गेले होते. या खेपेला मी फाटकाशी उतरले नाही, सायकल थेट दारात नेली. मामा आतल्या खोलीत खुर्चीवर बसले होते, शर्टाची वरची बटणं सोडून. एस्तरमामी दारातच होती.

"मामा, माझं चुकलं," मी म्हटलं. "रमेशदादा म्हणाला तुम्हाला कळणार नाही. मी नाही म्हणायला पाहिजे होतं. पेडल त्याच्या तोंडावर फेकायला—"

"ते पेडल यांचं आहे," मामी म्हणाली.

मला समजलं नाही.

"एस्तर," मामा म्हणाले.

"का? सांगते ना. मुंबईच्या दोस्ताकडून यांनीच आणवलं. दोन महिने इथं बसून वाजवून बघत होते, माझी भांडी फळीवरून खाली आली. मग रमेशला नेऊन दिलं, म्हणाले, माझा बास पोरगीच वाजवील, आठातला मी गळतो, तिला जाऊ दे, पण माझं नाव सांगू नको, माझं नाव ऐकलं तर पोरगी हात लावायची नाही. माझा आवाज बंद ठेव म्हणून यांनीच सांगितलं. सगळं यांनीच."

मी मामांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

"मग तुम्ही आज... तुम्हाला पहिल्यापासून..."

"मला वाटलं तू येशील," मामा म्हणाले. "रमेश म्हणाला येणार नाही. मी म्हटलं, अरे, मी शिकवलंय तिला."

बाहेर कुणीतरी बादली ओढत होतं.

"सोमवारपासून," मामी म्हणाली, आणि आता तिचा आवाज बारीक झाला, "रोज पाच वाजले की इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसायचे. आज येईल, म्हणायचे. भांडेल माझ्याशी, मी नाही जात म्हणेल, रडेल. मग तिची समजूत कशी घालायची ते माझ्यावर म्हणून बघायचे. मंगळवारी एक भाषण, बुधवारी दुसरं. माझं पाठ झालंय. म्हणून दाखवू?"

"पुरे आता," मामा म्हणाले.

"पुरे काय! तुम्ही तरी सरळ तोंडाने का नाही सांगितलंत तिला? दुसरा काय करील ते घरात बसून ठरवायचं, आणि तो तसा वागला नाही की तोंड पाडायचं." मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू गं? मंगळवारी फाटकातून परत गेलीस. हे आत शर्ट बदलत होते, त्यांनी नाही पाहिलं. मी पाहिलं. त्यांना सांगितलं नाही मी."

मामांनी मान वर केली. ही गोष्ट त्यांनाही नवीन होती. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मला वाटलं, आता ते विचारतील, का परत गेलीस. मी काय सांगणार होते? ज्या नकाराची समजूत घालायला ते बसून राहिले होते, तो नकार मी दिलाच नव्हता. एकदाही नाही. मनातसुद्धा नाही.

त्यांनी विचारलं नाही.

"सोमवारी सकाळी सातला ये," ते म्हणाले. "पेडल घेऊन. तसं वाजवलंस तर दुबईत दगड मारतील."

मी एकोणीस सकाळी गेले. त्यांनी मला ते पेडल पहिल्यापासून शिकवलं. गिटारवरचं टोनचं बटण पूर्ण खाली, म्हणजे सुराची धार जाते आणि पेडलला तो ओळखता येतो. गिटारच्या दांडीवरच्या खालच्या पट्ट्यांवर वाजवू नको, बाराव्या पट्टीकडे ये, तिथे सूर स्वच्छ असतो. एका वेळी एक तार, बाकीच्या तळव्याने झोपव. खालचा सूर निघायला केसभर उशीर लागतो, म्हणून तू तालाच्या केसभर आधी राहा. आधी म्हणजे घाईत नाही. दोन्हींतला फरक कळेपर्यंत पुढे जायचं नाही. फरक कळायला मला सहा दिवस लागले.

दोन-तीनदा मी सुरुवात केली, "मामा, त्या आठवड्यात मी..."

"तार झोपव," ते म्हणायचे.

पूर्वी शिकवताना ते मध्येच गोष्टी सांगायचे, छापखान्यातल्या उलट्या अक्षरांच्या, जुन्या बॅंडवाल्यांच्या. आता सांगत नव्हते. सात वाजता सुरू, आठला बंद. मामी चहा ठेवायची आणि आत जायची.

दौरा झाला. चांगला झाला, त्याचं वेगळं सांगण्यासारखं काही नाही. मला आठवत राहते ती निघायच्या दिवसाची सकाळ. आमची मुंबईची गाडी अकराला होती. मी सातला गेले तर मामांनी स्वतःचा बास मांडीवर घेतला होता, लहान अँप्लिफायर लावून ठेवला होता.

"पेडल बंद ठेव आज," ते म्हणाले. "साधी गिटार वाजव. एकदा बरोबर वाजवू."

त्यांनी उपासनेतलं एक जुनं गीत धरलं. मी वर, ते खाली. पहिली ओळ छान गेली. दुसऱ्या ओळीत सूर वर चढतो तिथे त्यांचं बोट सरकलं आणि भलताच सूर वाजला. त्यांनी चटकन माझ्याकडे पाहिलं.

माझे गाल आपोआप हसायला निघाले होते. वर्षभराची सवय. मी हात थांबवला.

"चुकलं, मामा."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला.

"कुठे?" मामांनी विचारलं.

"दुसऱ्या ओळीत, वर जाताना. बोट शेजारच्या तारेवर गेलं."

त्यांनी उजव्या हाताने डाव्या हाताचं ते बोट धरलं, उचललं आणि तारेवर ठेवलं, छापखान्यात खिळा बसवावा तसं.

"इथे?"

"हां. तिथेच."

"घे, पहिल्यापासून."

पहिल्यापासून घेतलं. तिथेच पुन्हा चुकलं, मी सांगितलं. आणखी दोनदा चुकलं. दोन्ही वेळा मी सांगितलं आणि दोन्ही वेळा त्यांनी कुठे म्हणून विचारलं. आठ वाजून गेले होते. पाचव्यांदा आम्ही ते गीत शेवटपर्यंत नेलं.